भूतकाळ, पण कालचा नव्हे

चि. छकुलीस,


पत्र पोचलं. नववीची मुलं इंग्रजी ‘कंडिशनल’चा, म्हणजे ‘इफ’च्या वाक्यांचा, तक्ता घडाघडा म्हणतात आणि वहीत मात्र ‘इफ इट विल रेन’ लिहून मोकळी होतात, असं का, हा तुझा प्रश्न. तक्त्यात झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे नंबर असतात. पण ते शिकवणाऱ्यांच्या सोयीचे. बोलणारा नंबर आठवून बोलत नाही. ही गोष्ट घडेल असं आपण धरून चाललोय की नाही, एवढंच त्याला ठरवायचं असतं. झीरो तर फार शिकवूच नकोस. ‘इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स’, नेहमी घडणारी गोष्ट, संपलं.

खरी गोची पुढे आहे, आणि ती आपल्या मराठीमुळे होते. आपण म्हणतो, ‘उद्या पाऊस पडला तर मॅच होणार नाही.’ गोष्ट उद्याची आणि क्रियापद ‘पडला’! इंग्रजी इथे साधा वर्तमानकाळ वापरते: ‘इफ इट रेन्स टुमॉरो, देअर विल बी नो मॅच.’ भविष्याचं काम उत्तरार्धातला ‘विल’ करतो, म्हणून ‘इफ’च्या भागात तो सहसा येत नाही. ‘इफ यू विल वेट हिअर’ असं कुणी म्हणालं, तर ती थांबण्याची विनंती असते, भविष्यकाळ नव्हे.

मग इंग्रजीत ‘इफ’नंतर भूतकाळ येतो कधी? गोष्ट वास्तवापासून दूर आहे हे दाखवायचं असतं तेव्हा. ‘इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्राइव्ह टू नाशिक.’ यातल्या ‘हॅड’चा कालच्या दिवसाशी काही संबंध नाही, आज गाडी नाही, इतकाच अर्थ. ‘इफ आय वर यू’मधला ‘वर’ही त्यातलाच. बोलताना ‘वॉज’ सर्रास ऐकू येतो, पण पेपरात मुलांनी ‘वर’च लिहावं.

आता मराठीतला ‘असता तर’चा संकेतार्थ घे. ‘पैसे असते तर गाडी घेतली असती.’ आज पैसे नाहीत की गेल्या वर्षी नव्हते? नुसत्या वाक्यावरून कळत नाही. आपण संदर्भावर भागवतो. इंग्रजीत ते भागत नाही. आजचं असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ कार’. हुकलेलं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ कार’. लागोपाठ दोन ‘हॅड’ पाहून मुलांना छपाईची चूक वाटते. पहिला सहायक, दुसरा मुख्य, हे तिथल्या तिथे सांग.

फळ्यावर एकच वाक्य तीनदा लिही. ‘इफ शी स्टडीज, शी विल पास’: परीक्षा व्हायची आहे, आशा आहे. ‘इफ शी स्टडीड, शी वुड पास’: परीक्षा अजून व्हायचीच आहे, पण बाई पुस्तक उघडतील असं वाटत नाही. ‘इफ शी हॅड स्टडीड, शी वुड हॅव पास्ड’: निकाल लागला, नापास. मुलं हसतील आणि फरक लक्षात ठेवतील.

वरच्या वर्गाला किपलिंगची ‘इफ’ दाखव. 1865मध्ये मुंबईत जन्मलेल्या या लेखकाची ही कविता 1910मध्ये पुस्तकात आली. 32 ओळींचं एकच वाक्य. अटींमागून अटी आणि शेवटी फळ. अटी सगळ्या वर्तमानकाळात आहेत, कारण मुलाला हे जमेल असा बापाचा भरवसा आहे. तिथे ‘वुड’ घातला, तर उपदेशाची खंत होईल.

राहता राहिला ‘अनलेस’. त्यात नकार आधीच आहे, म्हणून ‘इफ यू डोन्ट हरी’चं ‘अनलेस यू हरी’ होतं. तिथे ‘डोन्ट’ तसाच ठेवणाऱ्याचे मार्क खुशाल काप.

आणि एक कर. पुढच्या चाचणीत गाळलेल्या जागा देऊ नकोस. प्रसंग मराठीत सांग, तो घडण्यासारखा आहे, अवघड आहे की हातचा गेलाय हे आधी मुलांना ठरवू दे, मगच इंग्रजी वाक्य लिहायला लाव.

तुझा,
मामा