आतोबांचे यंत्र

श्रीवर्धनला जायचे म्हणजे ताम्हिणीचा घाट उतरून माणगावला यावे, तेथून म्हसळ्याचा रस्ता धरावा, आणि सुपारीच्या वाड्यांची गर्द सावली अंगावर आली की समजावे, गाव आले. लहानपणापासून माझा हा नेम. परंतु २०२० च्या जूनअखेर मी पास काढून, तोंडाला फडके बांधून तेथे उतरलो, तेव्हा सावली काही आलीच नाही. गावात शिरताच लख्ख आभाळ दिसले, आणि मी चरकलो.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले होते. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर वेगाचा तो वारा! भट घराण्यातला पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ ज्या गावचा, जेथील रोठा सुपारी दूरदूरच्या पानदानांत मानाने बसते, त्या गावच्या वाड्या काड्यापेटी उपडी करावी तशा पडल्या होत्या. विजेचे खांब वाकलेले, तारा गवतात. वीज नाही, म्हणून पंप नाही; पंप नाही, म्हणून पाणी नाही.

मी गेलो होतो आत्याला आणि आतोबांना पुण्याला न्यायला. कायमचे. आतेबहिणीने फोनवर रडून माझ्याकडून तसे वचनच घेतले होते. आत्या सत्तरी ओलांडलेली, आणि दिवसाला वीस-पंचवीस घागरी विहिरीतून ओढत होती. तळहाताला फोड आले होते, ते पदराखाली लपवीत होती.

"आतोबा, चला आता," मी म्हणालो.

ते ओटीवर एका जुन्या जनरेटरसमोर उकिडवे बसले होते. पेट्रोलवर सुरू व्हायचा नि गरम झाला की रॉकेलवर धावायचा, अशा जातीचा, दीड किलोवॅटचा. गणपतीच्या रोषणाईसाठी कधीकाळी घेतलेला आणि चार वर्षे पडवीत पोत्याखाली झोपलेला.

"हे सुरू झाले नि पाणी चढले तर राहू," ते म्हणाले. "नाही तर ज्या घरात हिला पाणी ओढावे लागते, तेथे मी हिला ठेवणार नाही. तू म्हणशील तेथे येऊ."

खरे सांगू? यंत्र सुरू होऊ नये, असेच मला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी जीवना बंदरावरून होड्यांची इंजिने बघणारा एक मिस्त्री आला. त्याने दोरी ओढली. दोरी लोण्यातून सुरी जावी तशी आली. तो हसला. "काका, दोरीला जोरच नाय. कम्प्रेशन गेलाय."

पण माणूस शिस्तीचा. आधी ठिणगी पाहिली. प्लग काढून, पुसून, इंजिनाच्या अंगाला टेकवून दोरी ओढली. निळी ठिणगी चटकन पडली. मग कार्ब्युरेटर उघडला. चार वर्षांच्या पेट्रोलचा वाटीत गुळासारखा चिकटा झाला होता. विजेच्या वायरीतला एक केसाएवढा तांब्याचा तार काढून त्याने जेटचे भोक मोकळे केले. तरी इंजिन नुसते खोकले.

मग त्याने प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडले नि पुन्हा दोरी ओढली. मला म्हणाला, "तेलाने जोर चांगला वाढला असता तर सगळा दोष रिंगांचा. थोडाच वाढला. रिंगा झिजल्यात, पण खरी गळती व्हॉल्व्हची."

जुन्या घडणीचे इंजिन ते. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, वर नुसते झाकण. झाकण निघाले तो आत काजळीचा थर. बंद व्हॉल्व्हवर त्याने थोडे रॉकेल ओतले. ते खाली पाझरले. दुपारभर तो ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीत घोळवीत बसला. आतोबा शेजारी बसून काजळी खरवडीत होते. घासलेला व्हॉल्व्ह खाली बसतो आणि खालची फट कमी होते; म्हणून त्याच्या दांडीचे टोक किंचित घासले. संध्याकाळी पुन्हा रॉकेल ओतले. थेंब हलला नाही.

झाकण बसले. तिसऱ्या ओढीला इंजिन धडधडले! थोडा निळा धूर आला, कारण झिजलेल्या रिंगा तेल वर येऊ देतात. पण मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास आवाज स्थिरावला. आत्या देवापुढे साखर ठेवायला धावली. मिस्त्रीने दिवा जोडला.

दिवा लागेना.

मिस्त्रीने मान हलवली. "इंजिन माझा, पण वीज माझी नाय." आतोबांनी हातातली काजळी धोतराला पुसली आणि हळूच म्हणाले, "बांध रे सामान."

वाचकहो, माझी उभी हयात विजेच्या यंत्रांत गेली आहे. काय झाले ते मला त्याच क्षणी कळले होते. जनरेटरच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक असते. त्या भांडवलावर तो वीज करू लागतो. वर्षानुवर्षे पडून राहिला की ते भांडवल आटते. मी गप्प बसलो असतो, तर सकाळी दोघे माझ्या गाडीत असती. मी गप्प बसलोही. पाच मिनिटे असेन. आतोबा दाराशी उभे राहून पडलेल्या वाडीकडे बघत होते.

मी उठलो नि गाडीची बॅटरी काढून आणली. इंजिन बंद करून ब्रशांच्या तारा सुट्या केल्या, धनाला धन नि ऋणाला ऋण लावून बॅटरी दोन-तीन सेकंद टेकवली. तारा पुन्हा जोडून इंजिन सुरू केले. दिवा लागला. जनरेटर अंगणात लांब, वाऱ्यावर ठेवला, कारण त्याचा धूर घरात जीवघेणा. आणि पंप थेट त्यालाच जोडला, घराच्या तारांना नव्हे. नाही तर खांबावर चढलेल्या वायरमनला आपलीच वीज धक्का द्यायची.

टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा आत्याने हात पदराबाहेर काढून धारेखाली धरले.

मी एकटाच परतलो. आतेबहीण महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

आतोबांनी त्याच पावसाळ्यात सुपारीची रोपे लावली. सुपारीला फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात, हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. गेल्या खेपेस गेलो तेव्हा रोपे माझ्या डोक्यावर गेली होती. सावली अजून पडत नाही. पण जनरेटरवर नवे पोते आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आतोबा तो दहा मिनिटे चालवतात. "विसरायला नको त्याला," म्हणतात.