उरलेली लोकर कुणाची?

लोकर कधी नेमकी पुरत नाही. एक तर कमी पडते, नाहीतर उरते. आणि विणणारी बाई शहाणी असेल तर ती मुद्दामच उरवते. कारण साधं आहे. एका वेळी एका हौदात जेवढी लोकर रंगते तेवढीचाच रंग एक. पुढच्या खेपेला त्यात बारीकसा फरक पडतोच. म्हणून तर गोळ्यावरच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर छापलेला असतो, आणि म्हणून इतवारीतला दुकानदार सांगतो, ‘ताई, एक गोळा जास्तच न्या, मागून हा लॉट मिळणार नाही.’ मोठ्या माणसाच्या स्वेटरला चारशे-पाचशे ग्रॅम लोकर लागते. डाव्या बाहीचा निळा आणि उजव्या बाहीचा निळा वेगळा दिसला, तर तो स्वेटर फाटेपर्यंत डोळ्यांत खुपतो. म्हणून एक गोळा जास्त आणायचा. तो अर्धा उरतो, आणि थैलीत जातो.

नागपूरबाहेरचे लोक इथे हसतात. नागपुरात कसले स्वेटर विणता, म्हणतात. त्यांना आमचा मे महिना ठाऊक असतो, डिसेंबर नाही. 29 डिसेंबर 2018च्या पहाटे इथला पारा 3.5 अंशांवर उतरला होता.

आमच्या घरात या लोकरीला ‘बची-खुची’ म्हणत. मी शाळेत उर्दूही शिकवते आणि मराठीही, त्यामुळे एक शब्द ऐकला की त्याला दुसऱ्या भाषेत जोडीदार शोधायची खोड लागली आहे. बची-खुचीला मराठीत ‘उरलंसुरलं’. दोन्ही शब्दांत कमीपणा आहे. जेवून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी राहतं ते उरलंसुरलं, आणि ते घरातली बाई खाते. लोकरीचंही तसंच होतं.

नव्या लोकरीचा मालक आधी ठरलेला असे. अब्बांचा बिनबाह्यांचा स्वेटर, भाईजानचा शाळेचा, मामूंच्या मुलाचं पहिलं टोपडं. पैसे अब्बांकडून मागून घ्यायचे आणि गोळ्यांचा हिशेब द्यायचा. अब्बा कंजूष नव्हते, पण विचारत जरूर. स्वेटर पूर्ण झाला की हिशेबही बंद होई, आणि पुढे थैलीत काय गेलं ते कुणी विचारत नसे. अम्मीने स्वतःसाठी जे काही विणलं ते सगळं त्या थैलीतून. हिवाळ्यात घरात घालायचे मोजे, चहाच्या किटलीचं झाकण, कुरआन शरीफच्या जुजदानची क्रोशाची किनार. तिचा एक स्वेटर होता. त्याचं अंग तपकिरी, एक बाही राखाडी, दुसरीला कोपरापासून खाली हिरवा. सबंध नव्या, एकरंगी लोकरीच्या स्वेटरमध्ये मी तिला कधी पाहिलं नाही.

याला त्याग म्हणायची आपल्याकडे सवय आहे. आईवरच्या निबंधात मुलं हमखास लिहितात, आणि मीच त्यांना त्याबद्दल अर्धा गुण देते. पण अम्मीचा चेहरा त्यागाचा नसायचा. अब्बांचा स्वेटर विणताना ती टाके मोजायची. थैली उघडली की गुणगुणायची. उलट-सुलट कसंही विणा, उसवा, आठवडाभर तसंच पडू द्या, कुणाला जाब द्यायचा नाही. टाक्याला उर्दूत फंदा म्हणतात, आणि गळ्यात पडतो तोही फंदाच. थैलीतल्या लोकरीचे फंदे तेवढे सैल असावेत.

उरलेला धागा कुणाचा, हा प्रश्न आमच्या घरात अम्मीच्याही आधीचा. दादा मोमीनपुऱ्यात हातमागावर लुगडी विणत. मागावरचा ताणा संपत आला की शेवटचा थोडा भाग विणताच येत नाही. कापड पुढे सरकून फणीपाशी येतं आणि धोटा जायला जागा उरत नाही. नव्या ताण्याचा एकेक धागा या जुन्या टोकांना जोडायचा आणि ओढून घ्यायचा. टोकं कापून बाजूला पडतात. दादी ती गोळा करून त्यांना पीळ घालायची. त्यांचे पायजम्याचे नाडे, मच्छरदाणीच्या दोऱ्या, गाठोडी बांधायच्या रश्श्या होत. दादी सांगायची की शेठकडून सूत तोलून मिळे आणि लुगडंही तोलून घेतलं जाई. मधल्या नासाडीची थोडी सूट असे. त्या सुटीतून हात राखून जे वाचेल तेवढंच विणकराच्या घरचं. सूत शेठचं, माग बहुतेक कर्जाचा, आणि नाडा तेवढा आपला!

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचं आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायांवरचं पुस्तक 1982 साली आलं. तिथे हजारो बाया घरी बसून क्रोशाने लेस विणतात, दलाल धागा आणून देतो, तयार माल परदेशी जातो. आणि त्या बायांना कामगार कुणी म्हणत नाही. त्या गृहिणी, रिकाम्या वेळात विणतात, असं धरून मजुरी ठरते. मीसबाईंचं म्हणणं असं की, ‘रिकामा वेळ’ हा शब्दच त्या स्वस्त मजुरीचा पाया आहे. मला हे पुस्तकात शिकावं लागलं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई मजुरीवर नमाजाच्या टोप्या विणते. कार्यानुभवाच्या तासाला मी मुलींना घरून उरलेला दोरा आणायला सांगितलं होतं. ती मुलगी म्हणाली, ‘मॅडम, हमारे घर बचता नहीं. तोल के आता, तोल के जाता.’ दादीचंच वाक्य, सत्तर वर्षांनंतर.

एक गोष्ट सांगून ठेवते. सुयांवरचं विणकाम यंत्राला जमतं, स्वेटरचे कारखाने त्यावरच चालतात. पण खरा क्रोशा अजून कारखान्यातल्या यंत्रांवर होत नाही. बाजारात मिळणाऱ्या यंत्राच्या जाळीच्या टोप्या दुरून क्रोशासारख्या दिसतात, इतकंच. आकड्याने विणलेली खरी टोपी हातात आली, तर ती कुणाच्या तरी बोटांतून गेलेली आहे हे नक्की, मग किंमत काहीही असो.

अम्मीचा इंतकाल झाला त्याला चार वर्षं झाली. भांडी, पलंग, सोन्याच्या दोन बांगड्या, सगळ्याची वाटणी झाली. तरक्याच्या यादीत थैली मात्र कुणी धरली नाही. भाभीजान म्हणाल्या, ‘ले जाओ, धूल खा रही.’ मी आणि बाजी ती रेक्झिनची थैली घेऊन आलो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, तर 2 किलो 340 ग्रॅम. लहानमोठे 61 गोळे.

मी लगेच निवडायला बसले. आधी कसर लागलेले बाजूला. अस्सल लोकर कसर खाते, ॲक्रिलिकला ती सहसा तोंड लावत नाही. कोणतं काय ते ओळखायला काडेपेटी पुरते. धाग्याचं टोक जाळलं की अस्सल लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. मग जाडीप्रमाणे ढीग. बारीक धागा दुहेरी घेतला की जाडाच्या शेजारी बसतो. जुनं उसवलेलं सूत कुरळं झालेलं असतं. त्याची लडी करून भिजवायची आणि ओझं टांगून वाळवायची. शेवटी रंग. पानिपतला जगभरचे टाकलेले गरम कपडे येतात, ते पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याच्या घोंगड्या करतात. तिथेही आधी रंगाप्रमाणे निवड होते, म्हणजे पुन्हा रंगवायचा खर्च नको. स्टेशनबाहेर थंडीत वाटतात त्या पातळ घोंगड्यांत अशा किती देशांचे स्वेटर असतील!

मी पांढऱ्याचा ढीग करत होते तेवढ्यात बाजीने माझा हात धरला. ‘हात मत लगा.’ तिच्या लेखी ते गोळे नव्हते. हा भाईजानच्या मॅट्रिकच्या वर्षाचा. हा अब्बा शेवटचे आजारी होते तेव्हाच्या कानटोपीचा. हा गुलाबी तिच्या पहिल्या मुलीचा, जी राहिली नाही. 61पैकी चाळीसेक तिने न अडखळता ओळखले. मी म्हटलं, अम्मीने यातलं काहीच जपून ठेवलं नव्हतं, वापरायला ठेवलं होतं. बाजी म्हणाली, ‘तू रंग बघतेस.’ सहा महिने ती थैली बाजीच्या कपाटात बंद राहिली आणि आमचं बोलणंही जेमतेमच राहिलं.

तोड तिनेच काढली. एक दिवस पुठ्ठ्याचं मोठं खोकं कापून घेऊन आली. त्यावर प्रत्येक गोळ्यातला दोन हात धागा गुंडाळलेला, आणि शेजारी उर्दूत नाव, साल. गुलाबीपुढे फक्त साल. ‘आता बाकीचं घे,’ म्हणाली. गुलाबी गोळा मात्र तिने सबंध ठेवून घेतला आणि मी काही बोलले नाही.

आम्ही चौकोन विणायचं ठरवलं. तुकड्यांच्या लोकरीला चौकोनासारखं सोयीचं काही नाही. मधे साखळीचं वर्तुळ, भोवती तीन-तीन खांबांचे पुंजके, दर फेराला रंग बदला. फेर संपला तिथे धागा तोडायचाच असतो, त्यामुळे आखूड तुकडाही वाया जात नाही. माझ्या हाताने चार फेरांच्या चौकोनाला नऊ-दहा ग्रॅम लागतात. क्रोशा लोकर जास्त खातो, तेवढीच विणकामात पुष्कळ पुढे गेली असती. पण विणकामात ओळीच्या मधे धागा संपला की पंचाईत. उरलेला धागा ओळीच्या रुंदीच्या चौपट नसेल तर ती ओळ सुरूच करू नये. अस्सल लोकरीची दोन टोकं ओली करून तळहातांत घासली की एकजीव होतात, गाठ लागत नाही. अम्मी त्यासाठी जिभेचं पाणी वापरायची. बाजीला ते अजूनही किळसवाणं वाटतं, ती वाटीत पाणी घेऊन बसते. ॲक्रिलिकला हा इलाज चालत नाही, त्याची टोकं सुईने आत ओवावी लागतात. 180 चौकोनांची टोकं ओवताना मला चौकोन ही कल्पनाच नकोशी झाली होती.

मधेच कुणीतरी बाजीला चेन्नईची गोष्ट सांगितली. तिथे जानेवारी 2016मध्ये देशभरच्या बायांनी क्रोशाचे तुकडे जोडून 11,148.5 चौरस मीटरची चादर केली, तिचा गिनीज विक्रम झाला, आणि मग ती सुटी करून गरजूंना वाटली. बाजीला वाटलं, आपलीही कुठेतरी द्यावी. भाभीजानना ती नातवाच्या पाळण्यासाठी हवी होती. भाईजानने नुसतं विचारलं, ‘किसके लिए बना रहे तुम लोग?’ प्रश्न साधाच होता, पण आम्ही दोघी गप्प झालो. मग बाजीच बोलली, ‘हमारे लिए.’ भाईजानला वाटलं ती चेष्टा करते आहे.

कडेला आणि जोडायला काळी लोकर कमी पडली. तेवढे तीन गोळे इतवारीतून नवे आणले, एकाच लॉटचे. दुकानदाराने चौथा घ्यायला सांगितलं, तोही घेतला. चादर सहा महिने बाजीकडे, सहा महिने माझ्याकडे, असं ठरलं. माझी पाळी नोव्हेंबरपासून होती. आता डिसेंबर अर्धा झाला. फोन केला की बाजी म्हणते, धुवायला काढली आहे, या थंडीत ती वाळत नाही.