आधी स्लो, मग टायमिंग

माझ्या थोरल्या बहिणीला बालाघाटला दिली आहे. आमच्या बेळगावच्या मानाने बालाघाट म्हणजे महाराष्ट्राची पार दुसरी कड. गोंदियाला उतरायचे, तिथून गाडी बदलून मध्य प्रदेशात शिरायचे, की वैनगंगेकाठचे हे गाव येते. तिथेही आपल्यासारखीच एकाहून अधिक भाषांची सवय आहे. बाजारात हिंदी, घरात मराठी, शेजारी पोवारी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, त्या एकाच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्याला लागून असलेले बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. आम्ही बहिणीला ‘अक्का’ म्हणतो याची तिच्या सासरी गंमत वाटते, आणि ती सासऱ्यांना ‘मामाजी’ म्हणते याची आम्हाला.

या मामाजींचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याकडे महिंद्रची १९७२ सालची पेट्रोल जीप आहे. तिला विलीज कंपनीच्या आराखड्याचे चार सिलिंडरांचे ‘हरिकेन’ इंजिन. बैहरच्या वाटेवर त्यांची थोडी शेती आहे आणि गांगुलपाऱ्याचा घाट चढून तिथे जाणे हा त्यांचा आठवड्याचा नेम. गेली दोन वर्षे मात्र जीप घाटात दम टाकू लागली. पाणी उकळायचे, पेट्रोल भलतेच लागायचे आणि किल्ली बंद केल्यावरही इंजिन चार-सहा झटके मारून मगच थांबायचे. नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली होती. दाजी आणि त्यांच्या धाकट्या भावाने ठरवले, आता ही भंगारात द्यायची. मामाजी काही बोलले नाहीत, पण जेवण कमी झाले, असे अक्काने फोनवर सांगितले.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा जीपचा स्लो ऐकूनच चकित झालो. उभ्या गाडीचे इंजिन घाटात असल्यासारखे ओरडत होते. कार्ब्युरेटरचा स्लोचा स्क्रू कोणीतरी भरपूर आवळला होता. ‘कोणीतरी’ कोण, ते अक्काने हळूच सांगितले. “अरे, टीव्हीचा आवाज आणि जीपचा स्लो, दोन्ही एकाच वर्षी वाढले बघ.”

मामाजी उभा जन्म कानाने गाडी लावत आले. कान मंदावल्यावर हलक्या स्लोवर इंजिन चालू आहे की बंद, हेच त्यांना कळेना. म्हणून त्यांनी स्क्रू अर्धा फेरा आवळला, मग आणखी अर्धा. त्या चढ्या स्लोवर त्यांनी टायमिंगही लावले.

इथे थोडे यंत्राचे सांगायला हवे. मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस, पण आमच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्टच्या कारखान्यांत काम करणारे माझे जुने विद्यार्थी आहेत आणि त्यांच्या संगतीने एवढे शिकलो आहे. प्लगची ठिणगी पडली की पेट्रोल एका क्षणात जळून जात नाही, ज्वाला पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. या इंजिनाला ती स्लोवर ५ अंश आधी हवी. स्लो मिनिटाला ६०० फेऱ्यांचा, म्हणजे सेकंदाला १०. त्या हिशेबाने ५ अंश म्हणजे सेकंदाचा ७२० वा भाग! वेग वाढला की पिस्टन लवकर वर येतो, तेव्हा ठिणगीही आणखी आधी हवी. हे काम डिस्ट्रिब्युटरमधली, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘डेल्को’मधली, दोन छोटी वजने करतात. फिरण्याच्या जोराने ती बाहेर फेकली जातात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकते.

गोम इथेच आहे. स्लो चढा असला तर ही वजने आधीच थोडी उघडलेली असतात. मग खूण ५ अंशांवर दिसते खरी, पण त्यातले काही अंश वजनांनी दिलेले असतात आणि मूळ टायमिंग लेटच राहते. टायमिंग लेट झाले की ताकद घटते आणि इंजिन तापते. स्लो थोडा उतरवावा तर गाडी बंद पडते, म्हणून पुन्हा स्क्रू आवळायचा. एका चुकीवर दुसरीचे पांघरूण. गावातल्या दोन गॅरेजांतही तेवढेच केले गेले होते.

मी बेळगावहून एका विद्यार्थ्याचा टायमिंग लाइट नेला होता. त्याचा चिमटा एक नंबरच्या प्लगच्या वायरीला लावायचा. दर ठिणगीला दिवा लखकन पेटतो आणि फिरत्या पुलीवरची खूण जागीच थिजल्यासारखी दिसते. आधी प्लगची फट पाऊण मिलिमीटर आणि पॉइंटची अर्धा मिलिमीटर केली. पॉइंटचे काम टायमिंगच्या आधीच उरकावे लागते, कारण ती फट बदलली की टायमिंगही हलते. मग इंजिन चांगले गरम होऊ दिले, स्लो ६०० वर उतरवला, खुणेला पांढरा खडू लावला आणि दिवा मामाजींच्या हाती दिला.

खूण पार पलीकडे होती. डेल्कोचा बोल्ट सैल करून मी तो केसभर फिरवला. खूण जागेवर सरकू लागली तसा इंजिनाचा वेग आपोआप चढला. स्लो पुन्हा उतरवला, खूण पुन्हा पाहिली. तीन वेळा असे केल्यावर दोन्ही जुळले. मामाजींचा एक हात मडगार्डवर होता. जे कानाला ऐकू येत नव्हते ते तळव्याला लागत होते. “आता दिसते बाप्पा!” एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गांगुलपाऱ्याचा घाट जीपने पाणी न उकळता चढला. भंगाराचा विषय तूर्त मागे पडला आहे. जीपचा स्लो उतरला, टीव्हीचा मात्र अजून उतरलेला नाही. कानाच्या मशीनचे अक्का कलाकलाने काढते आहे.

आपल्याकडेही कुणाच्या अंगणात अँबेसेडर असते, कुणाकडे पद्मिनी. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, पण घरगुती गाड्या अजून आहेत. त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. डेल्कोला व्हॅक्यूमची नळी असेल तर टायमिंग पाहताना ती काढून तिचे तोंड बंद करावे. दिव्याच्या उजेडात फिरता पंखाही थांबल्यासारखा दिसतो, म्हणून हात, पदर, मफलर लांब ठेवावेत आणि हे काम उघड्यावर करावे. २०२५ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. त्याने जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ होते आणि स्लो डळमळतो. तो दोष टायमिंगच्या माथी मारू नये. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही तपासून घ्याव्यात.

‘सावकाश’ हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत चालतो. घरात तो मराठीत ऐकायचा, धारवाडकडच्या पाहुण्यांकडून कन्नडमध्ये. गाडी आधी सावकाश चालती करावी आणि मगच तिची वेळ लावावी. ज्यांच्या घरी जुनी गाडी आणि तिच्याबरोबर म्हातारा झालेला चालक असेल, त्यांनी ती भंगारात देण्याआधी एवढे जरूर पाहावे, की स्लो कोणी वाढवला आणि का.