‘चुकून’ या शब्दाआड

चंदीगड हे शहर एका पोकळीतून जन्माला आले. १९४७ साली लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाब राजधानीवाचून उरला. त्याच सुमारास या भागातील मुसलमानही जवळजवळ सारे निघून गेले. मालेरकोटला हा त्यातला ठळक अपवाद. पुढे येथे ल कार्बुझिये यांनी आखलेली सरळ रस्त्यांची नगरी उभी राहिली. आज सेक्टर २०मध्ये जामा मशीद आहे. पण शहरातील मुस्लिम वस्ती प्रामुख्याने नंतरच्या काळात, पोटामागे आलेल्यांची आहे.

पाश्चात्य देशांत मुसलमान म्हणून वावरणे म्हणजे काय, याची झळ या प्रांताला लागली ती मात्र पगडीवाटे. न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर चौथ्याच दिवशी, १५ सप्टेंबर २००१ रोजी, अमेरिकेतील मेसा या गावी बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्या पेट्रोलपंपाबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. पंजाबातून गेलेल्या या शीख गृहस्थांना मारेकऱ्याने दाढी-पगडीवरून अरब मुसलमान ठरवले होते. २००४ साली फ्रान्सने सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांना बंदी केली. वाद पेटला होता मुस्लिम मुलींच्या शिरोवस्त्रावरून. कायद्याखाली शीख मुलांच्या पगड्याही आल्या.

सोधींची हत्या चुकीच्या ओळखीतून झाली, असे सर्वत्र म्हटले गेले. वस्तुस्थिती म्हणून हे खरेच आहे. परंतु ‘चुकून’ हा शब्द निरागस नाही. नेम चुकला असे म्हणताना योग्य लक्ष्य कोणते, हेही तो मुकाट्याने मान्य करतो. ‘मी मुसलमान नाही’ हे भयभीत माणसाचे उत्तर समजण्याजोगे आहे. पण ज्याला ते देता येत नाही, त्याने काय करावे?

फेब्रुवारी २०१९मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर उत्तर भारतात ठिकठिकाणी काश्मिरी विद्यार्थ्यांना धमक्या आल्या. जीव मुठीत धरून त्यांतील अनेक जण चंदीगडलगतच्या मोहालीत आले. शीख स्वयंसेवकांनी त्यांना गुरुद्वारात उतरवले, जेवू घातले आणि घरी परतण्यासाठी वाहनांची सोय केली. यामागे सोधींची स्मृती होती, असे म्हणणे सोयीचे होईल. तसा पुरावा नाही. एवढे मात्र निश्चित की येथे काहीही ‘चुकून’ घडले नाही. आलेली मुले मुसलमान आहेत, हे दार उघडणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.