नऊ डोक्यांची बाई

आमच्या गावात चित्रकार म्हणजे दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या फाळक्यावर नावं रंगवणारा माणूस. निवडणूक आली की भिंती रंगवायच्या, पोळ्याला बैलांची शिंगं. त्यामुळं फॅशनची चित्रं काढून माझं पोट भरतं, हे गावाला समजावता समजावता माझी पंधरा वर्षं गेली. कुणी म्हणतं, ही कापडाच्या कंपनीत आहे. कुणी म्हणतं, ही घरात बसून बायका काढती. दुसरं त्यातल्या त्यात खरं आहे.

गाव सांगोला तालुक्यातलं. माणदेशाची कड. पाऊस कमी, डाळिंब जास्त, आणि डाळिंबावर तेल्या पडला की तेही नाही. माझ्या लहानपणी चाळिशीच्या पुढची प्रत्येक बाई इरकली लुगड्यात असायची. काठ गोमीचा नाहीतर चिक्की परासचा, पदर तांबडा-पांढरा, अंगात खणाची चोळी. आई गावातल्या बायकांच्या चोळ्या नि पोरींचे ब्लाउज शिवायची. सणासुदीला मशिनपुढं बायकांची दाटी व्हायची. प्रत्येकीला ब्लाउजच्या पाठीला गळा हवा असायचा, पण कसला ते सांगता यायचं नाही. “त्या शिनेमातल्या बाईचा हुता तसला,” एवढंच. मग मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर गळे काढायची. मटका गळा, पान गळा, मागं नाडी, नाडीला गोंडे. बायका बोट ठेवायच्या आणि आई त्यावरून कातरायची. एका गळ्याला ओंजळभर शेंगा असा माझा भाव होता. रोख मिळायचं आणि लगेच मिळायचं. पुढं तसला गिऱ्हाईक मला फार थोड्या वेळा भेटला.

शाळेत इलिमेंटरी आणि इंटरमिजिएट झाल्या. ड्रॉइंगच्या सरांकडं जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा होता. त्यांत दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं होती. मी तासन् तास त्या बायकांच्या साड्यांकडं बघत बसायची. पदर खांद्यावरून कुठं वळतो, निरी पायाशी कशी पसरते. पुढं पुण्याच्या कॉलेजात गेल्यावर लायब्ररीत रने ग्रुओची चित्रं बघितली. हा मूळचा इटलीचा माणूस, १९४७ नंतर पॅरिसमध्ये दिऑरच्या कपड्यांची चित्रं काढून गाजला. ब्रशचा एक जाड काळा फराटा मारायचा आणि त्यात आख्खा कोट उभा राहायचा. काय काढायचं यापेक्षा काय सोडायचं, हे त्याच्याकडून घ्यावं. पण तोवर चित्रांचे दिवस सरले होते. परदेशी मासिकांच्या मुखपृष्ठांवर १९३२ पासूनच रंगीत फोटो यायला लागले होते. म्हणजे मी ज्या धंद्याचं शिक्षण घेत होते, तो माझ्या आजीच्या लहानपणीच मागं पडायला लागला होता.

पहिल्याच आठवड्यात तिथं शिकवलं ते डोक्यांचं गणित. खरा माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा उंच असतो, म्हणजे त्याच्याच डोक्याच्या मापानं साडेसात वेळा. फॅशनच्या चित्रातली बाई नऊ डोक्यांची, कधी दहाची. वाढीव उंची बहुतेक सगळी पायांत घालायची. मान लांब, खांदे रुंद, वजन एका पायावर, दुसऱ्या पायाचा अंगठा नुसता जमिनीला टेकलेला. सुट्टीत घरी आल्यावर मी असली एक बाई काढत बसले होते. थोरली आई, म्हणजे माझी थोरली चुलती, मागून बघून म्हणाली, “हिला कोण पोटाला घालत न्हाई का गं? का बाभळीवर चढून शेळीला पाला काढायला ठिवलीया?”

शिक्षण झाल्यावर चार वर्षं मुंबईत एका कपड्यांच्या कंपनीत काढली आणि मग सुटं काम धरलं. २०२० च्या टाळेबंदीत गावी आले ती इथंच राहिले. माडीवरच्या खोलीत टेबल, स्कॅनर, टॅब आणि खिडकीतून दिसणारी बाग. लाइट गेली की टॅब ठेवायचा नि कागद घ्यायचा.

सुट्या कामाबद्दल शहरातल्या मैत्रिणींना वाटतं की मी मनाला येईल तसं काढत असेन. पोट भरतं ते फ्लॅटवर. फ्लॅट म्हणजे कपडा सतरंजीवर पसरून ठेवल्यासारखा काढायचा. टीप एकेरी का दुहेरी, खिसा किती खाली, काज कुठं, चुणी किती. कारखान्यातल्या शिंप्यानं तो कागद बघून कुणाला काही न विचारता कपडा शिवला पाहिजे. त्यात कला किती, हे मला कुणी विचारू नये. पण त्याला डोळा लागतो, आणि आईच्या मशिनपाशी बसले नसते तर तो मला आला नसता. पोरांच्या फ्रॉकचे असे ४० फ्लॅट काढावेत तेव्हा माणसांची चित्रं काढायचं एखादं काम येतं. बिल ९० दिवसांनी निघतं, आणि ९० दिवस हे कंपनीच्या पंचांगाप्रमाणं मोजायचे असतात.

दोन वर्षांमागं असं एक काम आलं. शिवलेली नऊवारी विकणारी एक कंपनी. २४ चित्रं, एका चित्राला १,५०० रुपये, पसंत पडतील तेवढ्यांचेच पैसे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, तेही आता इलॅस्टिक आणि चेन लावून पायजम्यासारखं चढवायचं. मला त्यात वावगं वाटत नाही. हळदीच्या दिवशी घाईत कोण कासोटा घालत बसेल? पण शिवलेल्या नऊवारीच्या निऱ्या इस्त्री केल्यासारख्या जागच्या जागी पडतात. नेसलेल्या लुगड्याची प्रत्येक घडी कंबरेच्या गाठीपासून निघते. बाई वाकली की कासोटा ताणतो, ओचा सुटा लोंबतो, पोटरीवर काठ चढतो.

ते हाताला यावं म्हणून मी आठ दिवस थोरल्या आईच्या मागं वही घेऊन फिरले. सत्तरी ओलांडलेली बाई, अजून लुगड्यातच. बागेत खुरपताना, भारा उचलताना, चुलीपुढं उकिडवी बसताना काढली. “बस म्हणून सांगू नगंस,” एवढीच तिची अट. त्या वहीवरून मी २४ चित्रं केली. बाई नऊ डोक्यांचीच ठेवली, कारण ते त्या धंद्याचं व्याकरण आहे आणि त्याच्याशी भांडून उपयोग नाही. पाय मात्र जमिनीवर सपाट टेकवले, आणि कासोट्याचा ताण खरा काढला.

कंपनीतला मुलगा फोनवर फार अदबीनं बोलायचा. “मॅम, हात जरा सॉफ्ट करता येतील का? कामाचे वाटतात.” मी म्हटलं, हातच आहेत ते, कामाचेच असणार. तो हसला. त्याच्या बाजूनं त्याचं बरोबर होतं. त्याचं गिऱ्हाईक लग्नासाठी साडी घेणार होतं, खुरपायला नाही. हात मी बदलले, पाय राहू दिले. शेवटी २० चित्रं पसंत झाली. चार परत आली. वाकलेली, उकिडवी बसलेली, ओचा वर खोचलेली आणि पाठमोरी. सहा हजार रुपये गेले. आमच्याकडं बाईचा रोज ३०० धरला तर वीस रोज. हा हिशोब मी मुद्दाम करत नाही, खिडकीतून बाग दिसते म्हणून होतो.

परत आलेली ती चार मला त्या कामातली सगळ्यात चांगली वाटत होती. अजूनही वाटतात. एक थोरल्या आईला द्यावं म्हणून सगळ्या चित्रांचे प्रिंट सोप्यात मांडले आणि म्हटलं, तुला हवं ते घे. मनात होतं की ती उकिडवी बसलेलीच उचलेल. ती हुबेहूब तीच होती.

तिनं चष्मा लावून एकेक बघितलं. पाठमोऱ्यापाशी थांबली. “माझं बूड येवढं मोठं हाय व्हय?” आईला हसू आवरेना. मग पुढं सरकत सरकत तिनं पसंत झालेल्यांतलं एक उचललं. जांभळी साडी, लांब मान, लांब पाय, हात मऊसूत.

“हे कशाला? ह्यात तू कुठंयस?”

“मी कशी दिसतीया ते मला म्हाईत हाय. सत्तर वर्सं बघतीया. ह्यात लुगडं बघ की कसं दिसतंय.” आणि पायांवर बोट ठेवून म्हणाली, “पाय तेवढे आपले हायती.”

तिनं ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, पातळांच्या घड्यांपाशी. आल्यागेल्या बाईला दार उघडून दाखवते. चार परत आलेली माझ्या ट्रंकेत आहेत. उरलेल्या वीसचं बिल टीडीएस कापून पाचव्या महिन्यात आलं. त्यातून आईच्या मशिनला मोटर बसवली आणि खोलीला इन्व्हर्टर घेतला.