ओटीपर्यंत : ऑक्टोबर-नोव्हेंबर 2020ची दैनंदिनी

सोमवार, 26 ऑक्टोबर. कोल्हापूर

सहा-दहाला पुण्याहून निघाले. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर वीस मिनिटं गेली. फास्टॅगच्या रांगेत निम्मे लोक रोख पैसे घेऊन उभे. चारही टोल धरून तीनशेच्या वर. पेट्रोल 2000 रुपयांचं, लिटर 87च्या पुढे. खंबाटकी घाट मोकळा. ट्रक भरपूर, एसट्या तुरळक आणि त्याही अर्ध्या रिकाम्या. चहा घरचा, थर्मासमधला. पुऱ्या घरच्या.

ताप: कराडजवळच्या हॉटेलच्या दारात 96.1. इथे लॉजवर 93.8. म्हणजे मी जवळपास गेलेलीच असायला हवी. पण काउंटरवरच्या मुलाने आकडा वहीत नीट लिहून घेतला आणि किल्ली दिली. ऑक्सिजन, माझ्याच यंत्रावर: सकाळी 97, रात्री 97. सहा मिनिटं खोलीत येरझाऱ्या घालून पुन्हा 97.

आजची मुख्य तक्रार. त्या कराडजवळच्या हॉटेलात निम्मी टेबलं मांडून धंदा सुरू आहे, पण बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. वर चिठ्ठी, 'कोरोनामुळे बंद'. पुरुषांचं उघडं. पुढच्या पेट्रोल पंपावर जे होतं त्याचं वर्णन लिहीत नाही. उद्यापासून गाडीत बसण्याआधी पाणी कमी.

कशाला निघालीस, असं सगळ्यांनी विचारलं. सप्टेंबरात दोन जणांची दिवसकार्यं मोबाइलच्या पडद्यावर पाहिली. तिसरं कोणाचं पाहण्याआधी माणसं पाहून घ्यावीत, एवढंच. 2 सप्टेंबरला ई-पास रद्द झाला तेव्हाच निघणार होते, धीर व्हायला दसरा उजाडला. नियम माझे मीच केलेत: कोणाच्या घरात शिरायचं नाही, बंद खोलीत कोणाबरोबर जेवायचं नाही, गाडीत कोणाला घ्यायचं नाही, पांघरूण-उशी आपली.

लॉजच्या चादरीवर माझी चादर. पंखा कुरकुरतोय. झोप.

मंगळवार, 27 ऑक्टोबर. कोल्हापूर

इथल्या मैत्रिणीच्या इमारतीखाली, पार्किंगमध्ये, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मधे तिने आधीच टेपने अंतर मोजून खडूची रेघ मारून ठेवली होती. कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, रेघ मारल्याशिवाय राहणार कशी. मास्कवरून डोळे तेवढे दिसत होते, त्यावरून ती बारीक झालीय की म्हातारी हे कळेना. बहुधा दोन्ही.

सप्टेंबर कसा गेला ते तिने सांगितलं. कोल्हापुरात बेड मिळेना, ऑक्सिजनसाठी फोनाफोनी, तिच्या बोळातली तीन माणसं. तिच्या सांगण्यात रडणं नव्हतं, हिशेब होता. नवरात्रात अंबाबाईचं देऊळ बंद होतं, दर्शन ऑनलाइन. "मी तशीही जात नाही," ती म्हणाली, "पण फुलवाल्या बायकांचं बघवत नव्हतं."

मग तिने चहा ओतला. माझा कप माझा होता, तो मी रेघेवर ठेवला आणि मागे सरले. तिने थर्मास उंच धरला, कपाला लागू नये म्हणून, आणि वरून धार सोडली. अर्ध्यात थांबली. मला वाटलं चहा सांडला.

"आमच्या आजीला गावात असंच पाणी वाढायचे," ती म्हणाली. "वरून. ती ओंजळ करायची."

पुढे काही बोलली नाही, कप भरला आणि खुर्चीत जाऊन बसली. इतक्या वर्षांच्या मैत्रीत तिच्या आजीबद्दल मी ऐकलेली ही पहिली गोष्ट. पुण्यात आम्ही एका खोलीत राहायचो, एका ताटात जेवायचो, आणि ते फार पुरोगामी आहे असं मला तेव्हा वाटायचं. तिला तेव्हा काय वाटायचं ते मी विचारलं नव्हतं. आजही विचारलं नाही. तिने विषय बदलला होता.

निघताना डबा दिला. पांढरा रस्सा वेगळा, तांबडा वेगळा, भाकऱ्या फडक्यात. लॉजवर खिडकी उघडून एकटीने जेवले. पांढऱ्या रश्श्याला काजू-खोबऱ्याचा जो गोडवा असतो तो ताप तपासणाऱ्या बंदुकीच्या या दिवसांत फारच चैनीचा वाटला. डबा सॅनिटायझरने पुसला, मग लाज वाटून साबणाने धुतला.

ऑक्सिजन 97. ताप 95.2.

बुधवार, 28 ऑक्टोबर. मालवण

कोल्हापूर सोडलं 8.00. गगनबावड्याला धुकं, परतीचा पाऊस संपता संपेना. करूळ घाटात खड्डे. खाली तपासणी नाक्यावर नाव, गाव, गाडी नंबर, "कोणाकडे?" असा प्रश्न. मित्राकडे, म्हटलं. पोलिसाने वर पाहिलं. वय पाहून सोडलं असावं.

पेट्रोल 1500. पाणी प्यायले नाही म्हणून डोकं दुखलं. कोणालाही फोन लावा, आधी कोरोनाची सूचना. घाटात रेंज जाते, पुन्हा लावला की पुन्हा सूचना.

मित्राच्या पर्यटकांसाठीच्या खोल्या मार्चपासून रिकाम्या, त्यातली अंगणापलीकडची मला. त्याची आई खिडकीच्या गजांआडून: "जेवलंस काय गो?" बांगड्याची उडदमेथी. संध्याकाळी तो पडवीत, मी अंगणात, मोबाइलवर अबू धाबीतला आयपीएलचा सामना. सूर्यकुमार 79 नाबाद. परवाच ऑस्ट्रेलियासाठीच्या संघात त्याला घेतलं नाही, त्यामुळे मित्र प्रत्येक चौकाराला निवड समितीला शिव्या देत होता. सहा-सात महिन्यांत कोणाला इतकं मोठ्याने बोलताना प्रत्यक्ष ऐकलं नव्हतं.

गुरुवार, 29 ऑक्टोबर. मालवण

आज गाडी काढायची नव्हती, पण भाजी आणायला कट्टा गावाच्या बाजूला गेले आणि तिथेच दिवस गेला.

रस्त्याकडेला टेम्पोच्या मागच्या फळीवर वांगी, लाल भाजी, मुळे. विकणारा पन्नाशीचा, अंगाने किडकिडीत, केस मानेपर्यंत. "खयसून इलात?" विचारलं, आणि तो आवाज ऐकून मी वांगी निवडायची थांबले. मास्कमधूनसुद्धा रस्त्यापलीकडे जाईल असा. म्हटलं, तुम्ही गाता का? म्हणाला, गातो थोडं, मी दशावतारातला. स्त्री पार्टी.

मग एक तास. गिऱ्हाईक नव्हतंच. तो टेम्पोवर बसून, मी गाडीला टेकून. लहानपणापासून कंपनीत. नाटकाला लिहिलेली संहिता नाही. आख्यान कोणतं ते रंगायच्या खोलीत ठरतं, कोण काय करणार ते तिथेच वाटून घेतात, बाकी संवाद उभ्या उभ्या. म्हणाला, द्रौपदी केली, तारामती केली, समोरचा हरिश्चंद्र काय बोलेल ते मला ठाऊक नसतं आणि त्यालाही नसतं. रंग आपल्या हाताने लावायचा. पालखी देवळात गेली की रात्री नाटक उभं राहायचं ते उजाडेपर्यंत. कार्तिकापासून जत्रा लागतात, पावसाच्या तोंडाशी संपतात. गेला हंगाम मार्चमध्येच तुटला आणि आता कार्तिक तोंडावर आलाय.

"जत्रा होतली काय नाय, कोण सांगणा नाय," तो म्हणाला. "नाटक बंद. पोट बंद नाय ना, बाय."

टेम्पो भावाचा. भाजी विकताना पहिले दिवस लाज वाटली का, असं मी नेहमीच्या शहरी मायेने विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. लाज कसली? अडचण वेगळीच होती: तोंड झाकून विकावं लागतं. गिऱ्हाइकाला बांधून ठेवतो तो चेहऱ्याने, आणि तोच बंद. भुवया तेवढ्या उरल्यात. मग त्याने त्या दाखवल्या. मास्कच्या वर, कोकणातल्या दुपारी, वांग्यांच्या ढिगामागे तारामतीला राजवाडा सोडायला सांगितलंय. मुळ्याची जुडी हातात तशीच.

मी दोन किलो वांगी घेतली. एकटीला दोन किलो वांगी काय करायची. मित्राच्या आईने भरली वांगी केली, गजांमधून वाटी.

ऑक्सिजन बघायचं राहिलं.

शुक्रवार, 30 ऑक्टोबर. रत्नागिरी

खारेपाटणपर्यंत रस्ता चांगला. चार पदरी, काँक्रीट, इतका चांगला की संशय यावा. पुढे संशय खरा.

रत्नागिरीतल्या मैत्रिणीच्या घरासमोर दोनला पोचले. फाटकाशी उभी असतानाच तिचा फोन: सासऱ्यांना सकाळपासून खोकला आहे, टेस्टला दिलंय, तू येऊ नकोस. मी बाहेरच आहे, म्हटलं. वरच्या गॅलरीत दोघं आली. हात केले. फोन कानाला तसाच, समोर दिसणाऱ्या माणसाशी फोनवर बोलणं. पाच मिनिटं. तिने दोरीला पिशवी बांधून खाली सोडली, आत खाजाचे लाडू. ती घ्यावी की नाही याचा मी विचार केला, तो तिला वरून दिसला असणार.

लॉज 900. जेवण 140, खोलीत मागवलं. चवीला बरं नव्हतं.

आज कोजागरी. लॉजचा मुलगा खाली दूध आटवत होता, वर आणून देऊ का म्हणाला. नको म्हटलं. गच्चीला कुलूप. चंद्र पाण्याच्या टाकीमागे.

शनिवार, 31 ऑक्टोबर. आंजर्ले

रस्ता. संगमेश्वरच्या अलीकडे-पलीकडे जे चाललंय त्याला रुंदीकरण म्हणतात. अर्धे पूल, वळवलेले रस्ते, त्यातून पुन्हा वळवलेले, आणि सगळीकडे 'काम चालू आहे' असे फलक. काम करताना माणूस दिसला नाही. चिपळूणपर्यंत साडेतीन तास. खेडहून दापोली. पेट्रोल 1500. स्वच्छतागृह: तेच.

रत्नागिरीहून मेसेज, सासऱ्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह. लाडू खाल्ले.

रविवार, 1 नोव्हेंबर. आंजर्ले

या घरात मी मैत्रिणीच्या लग्नाला आले होते. तेव्हा वाडीत शिरलं की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. सुपारीच्या पोफळी एकीला एक खेटून, त्यांवर मिरीचे वेल, मधे जायफळं, वर नारळ. पायवाट ओली, पाटाचं पाणी. आज वाडीत उभं राहिलं की सरळ आभाळ दिसतं. 3 जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, दापोली-मंडणगडचा पट्टा त्याच्या दणक्यात सापडला. मैत्रीण म्हणाली, आवाज संपल्यावर दार उघडलं तर शेजारचं घर दिसलं. लग्न होऊन आल्यापासून ते तिला कधी दिसलं नव्हतं.

वीज यायला कित्येक आठवडे. त्यात कोरोना, बाहेरचे गडी येईनात, पडलेली झाडं उचलायला माणूस नाही. आडव्या पोफळी अजून आहेत, पाटात कुजतायत. भरपाईचं तिने कागदावर मांडून दाखवलं. फळबागेला हेक्टरी 50,000. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. तिची वाडी तीस गुंठे. गुंठ्याला 500 रुपये, एकूण 15,000. कोकणात हेक्टरभर वाडी असते कोणाची? झाडागणिक मोजा म्हणून सगळ्यांनी ओरड केली ती त्यासाठीच. श्रीवर्धनी रोठ्याचं रोप लावलं तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं, आणि रोपाला सावली लागते, ती द्यायची कुठून? म्हणून आधी केळी लावतेय. केळीच्या सावलीत सुपारी. तिचं वय एकसष्ट. मी हिशेब केला, तिनेही केलेला होता.

कोकणातल्या घराला माझे नियम पाळायला काहीच त्रास नाही. अंगण, मग ओटी, मग माजघर. कोणी कुठवर यायचं ते घर बांधतानाच ठरलेलं. मी ओटीवर, ती माजघराच्या दारात, मधे तांब्या-भांडं. वारा दोन्हीकडून. किती सोयीचं आहे, असं मी म्हणणार होते, तेवढ्यात पडवीच्या भिंतीतला कोनाडा दिसला. आत कान तुटलेले दोन कप पालथे. गड्यांचे, सासूबाईंच्या काळातले, ती म्हणाली. आता कोणी वापरत नाही, टाकायचे राहिलेत.

चहा झाल्यावर माझा पेला मीच विहिरीवर विसळला. आत द्यायचा नव्हता म्हणून ठेवायला जागा शोधली, आणि ठेवला कुठे, तर त्या कोनाड्याच्या शेजारी.

रात्री कोल्हापूरला फोन केला. आधी सूचना, मग ती. सगळं सांगितलं, कोनाड्यासकट. ती जरा वेळ गप्प राहिली.

"चौदा दिवसांनी सुटशील," म्हणाली. "बरंय तुझं."

मग हसली. मला हसता आलं नाही, तर म्हणाली, अगं हस, मी हसतेय ना. पांढऱ्या रश्श्यात मीठ कमी होतं का ते सांग आधी. घरात सगळे तसं म्हणतायत.

सोमवार, 2 नोव्हेंबर. पुणे

आंजर्ले 7.00, माणगाव, ताम्हिणी, घरी 3.30. ताम्हिणीत तरुण पोरांच्या झुंडी, सेल्फी, मास्क हनुवटीला. पेट्रोल 1000. चहा 10, बाहेरचा, कागदी पेल्यात, चक्क उभी राहून प्यायले. बरा होता.

सोसायटीच्या फलकावर नवी नोटीस: बाहेरगावाहून आलेल्यांनी सात दिवस लिफ्ट वापरू नये. कामाला येणाऱ्या बायकांना जूनपासून हा नियम आहेच, त्यांना सात दिवसांची मुदत नाही. वॉचमनने माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, जा म्हणाला, कोणी नाहीये. जिन्याने निघाले. चौथा मजला, चादरी, थर्मास, कोल्हापूरचा डबा, वांगी आणि आंजर्ल्याचे वादळातून वाचलेल्या माडांचे नारळ.

दुसऱ्या मजल्यावर समोरून आमच्याकडच्या बाई उतरत होत्या. मार्चपासून पगार पोचवत होते, पण भेट अशी झाली नव्हती. थांबल्या. "तुम्ही पण जिन्यानं?" नोटीस आहे म्हटलं. त्यांनी पिशवीकडे हात केला. नको, लांब राहा, मी बाहेरून आलेय. "पिशवीला कसला आलाय कोरोना," म्हणाल्या, नारळांची पिशवी उचलली आणि वर निघाल्या. वळणावर थांबून खाली बघत म्हणाल्या, एवढे नारळ कशाला आणायचे एकट्या माणसाने.

चार त्यांना दिले.