घरशाळेचं पहिलं वर्ष

‘शाळेतून दाखला काढलाय. आता सोमवारपासून काय करायचं?’ माझ्याकडे येणारे बहुतेक आईबाप हाच प्रश्न विचारतात. हातात वेळापत्रकही तयार असतं: आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा इंग्रजी, मग वीस मिनिटं मधली सुट्टी. मी ते आधी बाजूला ठेवायला लावते. घरात पुन्हा शाळाच भरवायची असेल, तर जुनी काय वाईट होती? तिथे निदान खेळायला मैदान आणि भांडायला मित्र होते.

घरशाळा सुरू करणाऱ्या कुटुंबांना माझा सल्ला ठरलेला असतो. पहिले दोन-तीन महिने शिकवू नका, नोंदी ठेवा. एक शंभर पानी वही घ्या. मुलानं आज काय केलं, काय विचारलं, कशाला कंटाळलं, हे रोज चार ओळींत लिहा. शेरे मारू नका.

अशाच एका वहीतलं पान. मुलगी नऊ वर्षांची, शाळेत अपूर्णांक आले की रडकुंडीला येणारी. आईनं लिहिलंय: ‘भेंडी साठ रुपये किलो. पाऊण किलो घेतली. भाजीवाल्या मावशींच्या आधी हीच म्हणाली, अर्ध्याचे तीस, पावचे पंधरा, पंचेचाळीस द्या.’ खाली दुसरी ओळ: ‘घरी आल्यावर विचारते, पाव किलो भेंडी आणि पाव लिटर तेल, दोन्हींतला पाव सारखाच का?’

त्या एका प्रश्नावर पुढचा महिना निघाला. वजनकाटा आला, मापं आली, पोळीचे आणि कागदाचे तुकडे झाले. पाठ्यपुस्तकातला धडा सगळ्यांत शेवटी उघडला, तेव्हा तो तिला ओळखीचा वाटला. घरशाळेत पुस्तकं लागतात, पण ती प्रश्नाच्या मागून यावीत. त्यांना खर्चही नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आणि १९७१पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक संकेतस्थळावर फुकट मिळतात. अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली वैज्ञानिक खेळणीही तशीच.

आता कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१०पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्याच्या कलम १०नुसार पालकांचं कर्तव्य आहे. ते न पाळल्यास पालकांना काय शिक्षा, हे कायद्यानं सांगितलेलं नाही. घरशाळेचा उल्लेखही नाही. म्हणजे परवानगी छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि घाबरून दार लावून बसायचंही कारण नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला एखाद्या बाई आल्या, तर वाद घालू नका. चहा द्या आणि वही पुढे करा. त्याच कायद्याचं कलम ४ मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेशाचा हक्क देतं, म्हणून परतीची वाटही मोकळी आहे. जन्माचा आणि शाळा सोडल्याचा दाखला मात्र जपून ठेवा.

‘मग दहावीचं काय?’ हा आजी-आजोबांचा प्रश्न. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. किमान एका भाषेसह पाच विषय. चित्रकलेसारखा विषयही घेता येतो. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे सगळे विषय एकदम देण्याची सक्ती नाही. राज्य मंडळाची परीक्षा द्यायची असेल, तर बाहेरून बसणाऱ्यांसाठीचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. विषय निवडताना पुढच्या अभ्यासक्रमाच्या अटी तेवढ्या आधी वाचा.

खरी अडचण वेगळीच असते. कोणीतरी एक मोठं माणूस दिवसाचा बराच वेळ घरी हवं, आणि बहुतेक घरांत ते आईच असते. तिची नोकरी सुटणार असेल, तर तो हिशेब दोघांनी मिळून मांडायला हवा. मुलालाही रोज संध्याकाळी चार पोरं भेटायला हवीत, मग ती मैदानावर भेटोत, तबल्याच्या क्लासला किंवा वाचनालयात.

म्हणून मी घरशाळा एकेका वर्षापुरतीच ठरवायला सांगते. दर एप्रिलमध्ये वही घेऊन बसा आणि मुलालाच विचारा. शाळेत जायचं म्हणालं, तर बिनबोभाट घाला. प्रयोग फसला म्हणून हळहळायचं कारण नाही. आपल्याला काय हवंय ते त्याला सांगता येऊ लागलं, ही त्या वर्षाची कमाईच आहे.